निर्यातदाराचा अहवाल निर्दोष, तरी मसाल्याची खेप बंदरावर अडली: चूक कुठे शोधावी?

प्रश्न: मिश्रणकार

नमस्कार. मसाले आयात करून त्यांची मिश्रणे तयार करणाऱ्या एका लहान कंपनीत मी गुणवत्ता विभागाचे काम पाहते. आमची मिरची पुडीची एक खेप नुकतीच बंदरावर अडवण्यात आली. निर्यातदाराने मालाबरोबर पाठवलेल्या सीओएमध्ये (प्रयोगशाळेच्या तपासणी प्रमाणपत्रात) अफ्लाटॉक्सिन बी१ या बुरशीजन्य विषाचे प्रमाण दर किलोला २ मायक्रोग्रॅमपेक्षा कमी दाखवले होते. सरकारी प्रयोगशाळेत तेच ११ मायक्रोग्रॅम निघाले. दोन्ही प्रयोगशाळांना आयएसओ १७०२५ या प्रयोगशाळांसाठीच्या मानकाची मान्यता आहे आणि तपासणीची पद्धतही एकाच प्रकारची आहे. निर्यातदार म्हणतो की अधिकाऱ्यांनी नमुना नीट काढला नाही, तर आमचे व्यवस्थापन म्हणते की निर्यातदाराने अहवाल हवा तसा करून घेतला. मला यांपैकी काहीच सिद्ध करता येत नाही, आणि त्याच निर्यातदाराची पुढची खेप जहाजावर चढलेली आहे.

माझे प्रश्न असे आहेत. एकाच मालाचे दोन आकडे एकमेकांपासून इतके दूर असू शकतात का? प्रत्येक खेप आल्यावर आपणच पुन्हा तपासायची म्हटले, तर कशाकशासाठी तपासायची? बुरशीजन्य विषे, जंतू, कीडनाशकांचे अवशेष, जड धातू, अवैध रंग अशी यादी वाढतच जाते आणि तपासणीसाठी मिळणारा पैसा मात्र ठरलेला असतो. शिवाय ‘स्टीम ट्रीटेड’ (वाफेची प्रक्रिया केलेला) असे लिहिलेला माल घेतला की जंतूंची काळजी मिटते, हे आमच्या खरेदी विभागाचे म्हणणे कितपत बरोबर आहे?

उत्तर: नमुना_आणि_लॉट

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ असे आहे, आणि त्यासाठी कोणाची लबाडी गृहीत धरण्याची गरज नाही. पाण्यात मीठ विरघळते तसे अफ्लाटॉक्सिन मालात सगळीकडे सारखे पसरलेले नसते. अ‍ॅस्परजिलस वर्गातली बुरशी जिथे लागली तिथेच ते तयार होते, आणि तिथे ते अफाट प्रमाणात असू शकते. हिशेब करून पाहा. एका किलोत प्रत्येकी १ ग्रॅमच्या १००० सुक्या मिरच्या आहेत, त्यांपैकी ९९९ पूर्ण निर्दोष आहेत आणि उरलेल्या एकाच मिरचीत ५ मायक्रोग्रॅम विष आहे असे समजू. तेवढ्याने अख्ख्या किलोची सरासरी ५ मायक्रोग्रॅम होते, म्हणजे युरोपीय संघाने मिरची, मिरी, जायफळ, आले आणि हळद यांना बी१ साठी घालून दिलेली कमाल मर्यादा ती एकटी मिरची गाठून देते. ती ज्या नमुन्यात आली तो काठावर गेला आणि ज्यात आली नाही तो कोरा निघाला. दळल्यावर ही विषमता कमी होते हे खरे, पण संपत नाही, कारण दळण टप्प्याटप्प्याने होते आणि कंटेनरभर पूड कोणी एका भांड्यात घालून ढवळत नाही.

सरकारी नमुना काढण्याची पद्धत एवढी किचकट असते ती याचमुळे. युरोपीय नियमांप्रमाणे मसाल्याच्या मोठ्या लॉटमधून (एकाच क्रमांकाखाली आलेल्या मालातून) १०० ठिकाणचे लहान लहान नमुने काढून एकत्र करावे लागतात, आणि तो सगळा एकत्रित नमुना दळून एकजीव केल्यावरच त्यातला भाग यंत्रावर जातो. याउलट निर्यातदाराच्या सीओएच्या शेवटच्या पानावर, बारीक अक्षरांत, बहुधा ‘नमुना ग्राहकाने सादर केल्याप्रमाणे’ अशा अर्थाची एक ओळ असते. आपल्या सीओएवर ती आहे का ते आधी पाहा. असल्यास त्याचा अर्थ इतकाच की पाकिटातून आलेल्या पुडीबद्दल प्रयोगशाळा हमी देते, लॉटबद्दल नाही. आयएसओ १७०२५ ची मान्यता खरी असते, निष्कर्षही खरा असतो, फक्त तो आपल्या कंटेनरबद्दलचा नसतो. नमुना कोणी काढला, किती गोण्यांतून काढला, दळण्यापूर्वी काढला की नंतर, अहवालावरचा लॉट क्रमांक गोण्यांवरच्या क्रमांकाशी जुळतो का, आणि नमुन्याची तारीख कंटेनर भरण्याच्या तारखेच्या किती आधीची आहे, ही माहिती नसलेला सीओए माझ्या मते फाइलमध्ये ठेवण्यापुरताच उपयोगी आहे.

प्रवासाचाही विचार करावा. उष्ण प्रदेशात भरलेला कंटेनर थंड समुद्रातून जाताना त्याच्या छताला आतून पाणी सुटते आणि ते वरच्या थरातल्या गोण्यांवर ठिबकते. बुरशीला वाढायला आणि विष तयार करायला जितका ओलावा लागतो तितका नीट वाळवलेल्या मालात नसतो, पण ठिबकलेल्या जागी तो मिळतो. म्हणून कंटेनर उघडताच वरच्या आणि दाराजवळच्या गोण्यांवर डाग आहेत का, ओलावा शोषणाऱ्या पिशव्या लावल्या होत्या का, याची छायाचित्रे काढून ठेवावीत.

अडवलेल्या खेपेबद्दल आपल्याला काही हक्क आहेत. आपण देशाचे नाव दिलेले नाही, म्हणून युरोपीय संघाचीच पद्धत सांगतो. तिथे अधिकृत नमुन्याचा एक भाग अंमलबजावणीसाठी, एक व्यापाऱ्याच्या बचावासाठी आणि एक वाद झाल्यास निवाड्यासाठी ठेवण्याची तरतूद आहे, आणि २०१७/६२५ या नियमावलीने आयातदाराला स्वखर्चाने दुसरे तज्ज्ञमत घेण्याचा हक्क दिला आहे. मापनातली अनिश्चितता धरूनही मर्यादा निःसंशय ओलांडली गेली असेल तरच लॉट नाकारतात. आपल्या ११ च्या आकड्यातून नेहमीची अनिश्चितता वजा केली, तरी ५ च्या खाली येण्याची आशा मी धरणार नाही.

आणखी एक व्यावहारिक बाब. २०१९/१७९३ या युरोपीय नियमावलीत कोणत्या देशाचा कोणता माल किती टक्के खेपांत तपासायचा याची यादी आहे, आणि ती निदान दर सहा महिन्यांनी तपासून बदलली जाते. काही जोड्यांसाठी नुसती वाढीव तपासणी असते, तर काहींसाठी निर्यातदार देशाचे अधिकृत प्रमाणपत्र आणि तपासणी अहवाल असल्याशिवाय माल आतच येत नाही. करार गेल्या वर्षीच्या यादीवर आणि माल या वर्षीच्या यादीखाली, असे घडू नये म्हणून खरेदी विभागाने ऑर्डर देण्यापूर्वी ती यादी पाहण्याची सवय लावून घ्यावी.

उत्तर: वाफ_की_वायू

वरचे विवेचन बुरशीजन्य विषांपुरते पूर्ण आहे, म्हणून मी फक्त तिसऱ्या प्रश्नाकडे वळतो. ‘स्टीम ट्रीटेड’ हे शब्द प्रक्रियेचे नाव सांगतात, तिचा परिणाम सांगत नाहीत.

सॅल्मोनेला हा अन्नातून आजार पसरवणारा जंतू कोरड्या मसाल्यात वाढत नाही, पण महिनोन्‌महिने तग धरून राहतो, आणि थोडे जंतूही पुरेसे ठरतात. १९९३ मध्ये जर्मनीत पेप्रिका पूड लावलेल्या बटाट्याच्या चिप्समुळे सुमारे १००० जण आजारी पडले, त्यांत बहुतेक मुले होती, आणि त्या चिप्समध्ये ग्रॅममागे एकाहूनही कमी जंतू सापडले होते. २००९-१० मध्ये अमेरिकेत सलामी या मांसाच्या पदार्थावर लावलेल्या मिरीमुळे २७२ जणांना लागण झाली. मांसावरची जंतुनाशक प्रक्रिया आधी झाली होती आणि मिरी नंतर लावली गेली. २००७ ते २००९ या काळात अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने तपासलेल्या आयात मसाल्यांच्या खेपांपैकी सुमारे ६.६ टक्क्यांत सॅल्मोनेला आढळला, हे प्रमाण इतर आयात खाद्यपदार्थांतल्या प्रमाणाच्या जवळपास दुप्पट होते. आपली मिश्रणे शिजवलेल्या पदार्थावर वरून भुरभुरली जाणार असतील, तर हा धोका आपल्याच पदरात पडतो.

आता नमुन्याचे गणित. प्रत्येकी २५ ग्रॅमचे ६० नमुने हा अमेरिकेतला सर्वांत कडक टप्पा आहे. लॉटमधला दर शंभरावा २५ ग्रॅमचा भाग दूषित असेल, तर ६० नमुन्यांतून तो सापडण्याची शक्यता सुमारे ४५ टक्केच आहे, म्हणजे नाणे उडवण्यापेक्षाही कमी. दर विसावा भाग दूषित असेल तेव्हा कुठे ती ९५ टक्क्यांवर जाते. म्हणून सॅल्मोनेलाच्या बाबतीत तपासणीवर पैसा ओतण्यापेक्षा जंतू मारण्याची पायरी कुठे आहे, ती कोणी पडताळली आहे, आणि तिच्यानंतर माल कोणत्या हवेत, कोणत्या यंत्रातून, कोणत्या गोणीत गेला हे विचारण्यावर वेळ खर्च करावा. पुरवठादाराकडे त्या विशिष्ट यंत्रासाठी, त्या विशिष्ट मसाल्यासाठी केलेल्या पडताळणीचा अहवाल मागा. अशा पडताळणीत सॅल्मोनेलाऐवजी एन्टरोकोकस फेशियम हा निरुपद्रवी पर्यायी जंतू वापरतात, आणि जंतूंची संख्या किती पटींनी घटली ते अहवालात स्पष्ट लिहिलेले असते. सबंध मिरीवर पडताळलेले तापमान आणि वेळ दळलेल्या मिरचीला लागू होत नाही. वाफ दिल्यावर माल परत दळला जात असेल, तर वाफेनंतरची ती गिरणीच खरा प्रश्न आहे.

प्रयोगशाळेलाही एक प्रश्न विचारा, कारण इथे फसगत होते. लवंग, दालचिनी, ओरेगॅनो यांतली तेले स्वतःच जंतुरोधक असतात. नमुना पुरेसा पातळ केला नाही तर जिवंत जंतूही वाढत नाहीत आणि अहवाल ‘आढळले नाही’ असा येतो. अमेरिकी पद्धतीत दालचिनी आणि ओरेगॅनो यांच्यासाठी नमुना आणि माध्यम यांचे प्रमाण १:१०० आणि लवंगेसाठी १:१००० ठेवतात. सगळ्या मसाल्यांसाठी नेहमीचे १:१० वापरणाऱ्या प्रयोगशाळेचा लवंगेचा निर्दोष अहवाल मी मानणार नाही.

वाफेऐवजी एथिलीन ऑक्साइड हा जंतू मारणारा वायू वापरलेला असू शकतो, आणि तेही न सांगता. हा वायू आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने मानवी कर्करोगजनकांच्या पहिल्या गटात ठेवला आहे. तो स्वतः चटकन उडून जातो, पण मसाल्यातल्या क्लोराइडशी संयोग होऊन झालेले २-क्लोरोइथेनॉल मागे राहते. युरोपीय संघ दोन्हींची बेरीज मोजतो आणि मसाल्यांत ती दर किलोला ०.१ मिलिग्रॅमच्या आत असावी लागते. अमेरिकेत मात्र ही प्रक्रिया संमत असून एथिलीन ऑक्साइडसाठी ७ आणि त्या उपपदार्थासाठी ९४० पीपीएमपर्यंत (म्हणजे दर किलोला तितक्या मिलिग्रॅमपर्यंत) मुभा आहे. त्यामुळे एका बाजारात कायदेशीर असलेला माल दुसऱ्या बाजारात बेकायदेशीर ठरतो. २०२४ च्या एप्रिलमध्ये हाँगकाँग आणि सिंगापूर यांनी काही मसाला मिश्रणांवर केलेली कारवाई याच वायूमुळे होती. सीओएवर फक्त ‘एथिलीन ऑक्साइड: आढळले नाही’ असे असेल आणि २-क्लोरोइथेनॉलचा उल्लेख नसेल, तर तो आकडा निरर्थक आहे. जंतू मारण्यासाठी मालावर किरण सोडण्याची प्रक्रिया युरोपात १० किलोग्रेपर्यंत (किलोग्रे हे किरणांच्या मात्रेचे एकक) चालते, पण तसे लेबलवर लिहावे लागते, आणि मिश्रणात थोडाच मसाला तसा असला तरी लिहावे लागते.

प्रतिसाद: मिश्रणकार

दोघांचेही आभार. सीओए पाहिला, ‘नमुना ग्राहकाने सादर केल्याप्रमाणे’ ही ओळ तिसऱ्या पानावर आहे, आणि २-क्लोरोइथेनॉलचे नावही नाही. जहाजावरच्या खेपेसाठी आम्ही स्वतंत्र निरीक्षण संस्थेकडून उतरताच नमुना काढून घेण्याचे ठरवले आहे.

आता दोन उपप्रश्न उरतात. भेसळ आणि जड धातूंसाठी किती तपासावे? आणि अडवलेला लॉट दुसऱ्या निर्दोष लॉटमध्ये मिसळून सरासरी ५ च्या खाली आणता येईल का, असे व्यवस्थापन विचारते आहे.

उत्तर: जुना_खरेदीदार

भेसळीची गोष्ट वेगळी आहे, कारण बुरशी आपल्याला फसवायचा प्रयत्न करत नाही आणि माणूस करतो. ज्याची तपासणी होते ते भेसळ करणारा टाळतो आणि जे कोणी शोधत नाही ते घालतो. त्यामुळे ठरावीक यादीने तपासत राहणे इथे फारसे कामाचे नाही.

मागच्या घटना पाहिल्या की हे स्पष्ट होते. २००३ मध्ये मिरचीत सुदान १ हा औद्योगिक रंग सापडल्यावर युरोपीय संघाने मिरचीसाठी अहवाल सक्तीचा केला. तरीही त्याआधी आलेली मिरची पूड एका सॉसमधून शेकडो तयार पदार्थांत पोहोचली होती आणि २००५ मध्ये ब्रिटनमध्ये ते सगळे परत मागवावे लागले. २०१४-१५ मध्ये अमेरिकेत जिरे पुडीत शेंगदाण्याची प्रथिने निघाली. ज्यांना शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे त्यांच्यासाठी ते घातक होते, आणि जिरे पुडीत शेंगदाणे शोधावेत हे तोवर कोणाच्या यादीत नव्हते. २०२३ मध्ये अमेरिकेत सफरचंदाच्या गराच्या पाकिटांमुळे मुलांच्या रक्तात शिसे वाढल्याचे लक्षात आले. मूळ दालचिनीत शिशाचे प्रमाण २२७० आणि ५११० पीपीएम इतके होते, तर युरोपीय संघाची सालीच्या मसाल्यांची मर्यादा २ मिलिग्रॅम प्रति किलो आहे. रंग आणि वजन वाढवण्यासाठी घातलेल्या लेड क्रोमेट या शिशाच्या पिवळ्या संयुगाकडे संशय गेला. अमेरिकी प्रशासनाचा अधिकार थेट अमेरिकेला माल पाठवणाऱ्यापर्यंत पोहोचत होता. दालचिनी दळणारा मात्र त्या साखळीत काही पायऱ्या मागे होता.

तेच लेड क्रोमेट बांगलादेशात हळदीला पिवळा रंग आणण्यासाठी वापरले जात होते. तिथे २०१९ मध्ये बाजारातल्या हळदीच्या ४७ टक्के नमुन्यांत शिसे सापडत होते आणि २०२१ मध्ये ते शून्यावर आले. हे साधले ते बंदरावरच्या तपासणीने नव्हे. घाऊक बाजारात जाऊन केलेली कारवाई, दंड आणि व्यापाऱ्यांना नेमका धोका समजावून सांगणे यांनी ते साधले. मला वाटते, आयातदाराने यातून घ्यायची गोष्ट अशी की साखळीत दळण्याची जागा शोधावी आणि तिथपर्यंत पोहोचावे. सबंध दालचिनी, सबंध हळकुंडे घेऊन आपण दळली, तर बऱ्याच भेसळींना वाव उरत नाही. ते शक्य नसेल तर भाव पाहा: दळलेला माल त्याच प्रतीच्या सबंध मालापेक्षा स्वस्त मिळत असेल, तर दळण्याची मजुरी आणि घट कोणी भरून काढली हे विचारल्याशिवाय ऑर्डर देऊ नये.

पैसा कुठे घालावा याचा माझा क्रम असा राहील. मिरची आणि जायफळ यांसाठी अफ्लाटॉक्सिन आणि ऑक्राटॉक्सिन ए हे दुसरे बुरशीजन्य विष दर लॉटला. दालचिनी आणि हळद पुडीसाठी शिसे दर लॉटला. ही तपासणी तुलनेने स्वस्त आहे आणि धोका लहान मुलांपर्यंत जातो, म्हणून ती कधीच वगळू नये. जिरे आणि ओरेगॅनो यांच्या बाबतीत शेतात सोबत वाढलेल्या तणामुळे येणारे पायरोलिझिडीन अल्कलॉइड हे विषारी वनस्पतिजन्य पदार्थ पाहावेत, ज्यांची युरोपीय मर्यादा अनुक्रमे ४०० आणि १००० मायक्रोग्रॅम प्रति किलो आहे. ओरेगॅनोत ऑलिव्हची पाने मिसळणे इतके सर्रास आहे की युरोपीय आयोगाच्या संयुक्त संशोधन केंद्राने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत ४८ टक्के नमुने संशयास्पद ठरले. मिरीत ते प्रमाण १७ टक्के होते. तिथे सूक्ष्मदर्शकाखाली एक नजर टाकणारा अनुभवी माणूस महागड्या यंत्राइतकाच उपयोगी पडतो. उरलेल्या गोष्टी वर्षभरात फिरत्या क्रमाने, पुरवठादाराला आगाऊ न कळवता तपासाव्यात.

मिसळण्याबाबत मात्र चर्चेला जागा नाही. युरोपीय संघात मर्यादा ओलांडलेला माल निर्दोष मालात मिसळून पातळ करण्यास स्पष्ट मनाई आहे, आणि रसायनांनी विष काढण्यासही. उपलब्ध मार्ग म्हणजे नष्ट करणे, माल परत पाठवणे किंवा अधिकाऱ्यांच्या संमतीने अन्नाशिवाय दुसरा उपयोग. परत पाठवायचे ठरले तर नाकारल्याची नोंद सर्व गोण्यांच्या लॉट क्रमांकांसह कागदपत्रांत राहील असे पाहा, आणि पुढच्या सहा महिन्यांत त्याच निर्यातदाराकडून येणाऱ्या मालावर तेच लॉट क्रमांक किंवा त्याच तारखा वेगळ्या कागदांसह दिसतात का हे तपासा. नाकारलेला माल दुसऱ्या बंदरातून आत आणण्याचे प्रयत्न होतात, आणि तो आपल्याच गोदामात परत येऊ नये ही जबाबदारी शेवटी आयातदाराची असते.

उत्तर: नमुना_आणि_लॉट

वरच्या यादीत फक्त एक भर घालतो. स्वतंत्र निरीक्षण संस्थेला दिलेल्या कामाच्या आदेशात नमुने किती ठिकाणांहून घ्यायचे ते लेखी लिहा. ‘प्रातिनिधिक नमुना’ एवढेच लिहिल्यास दारालगतच्या चार गोण्यांतून काढलेल्या पाकिटाचेही बिल येते, आणि नंतर त्यावर वाद घालता येत नाही. मागच्या भागातल्या गोण्यांपर्यंत पोहोचण्यासाठी कंटेनर पूर्ण रिकामा करावा लागेल. ती मजुरी आधीच ठरवून ठेवा.